बाळांसाठी आलेले डबे

२ डिसेंबर, सोमवार

अंगणवाडीच्या अकरा नोंदवह्या माझ्याकडे आहेत. ही बारावी. हिच्यावर कुणाची सही होणार नाही, म्हणून हिच्यात जसं घडलं तसं लिहायचं ठरवलं आहे.

सकाळी दहाला पारोळ्याहून छोटा हत्ती टेम्पो आला. वीस खोकी उतरवली. प्रत्येक खोक्यात पत्र्याचे चोवीस डबे, वर हिरव्या वाटाण्याचं आणि गाजराच्या तुकड्यांचं चित्र. मदतनिसाची जागा दीड वर्षापासून रिकामी आहे, म्हणून ड्रायव्हरने आणि मीच खोकी आत लावली. एवढे डबे ठेवल्यावर मुलांना बसायला अर्धीच खोली उरली.

डबे अभिमनने पाठवले आहेत. आमच्याच गावचा. आता वाशीला असतो, भाजीपाला परदेशी पाठवण्याचा धंदा करतो. दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, माल एकदम चांगला आहे. गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं. आई म्हणाली, गावाला दे. सहा महिन्यांनंतर बाळांना वरचं खाणं सुरू करता ना तुम्ही? त्यांना द्या. इतकं मऊ आहे, दाताचं कामच नाही."

मी बरं म्हटलं. संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षिका मोहिनी मॅडमचाही फोन. पुढच्या मंगळवारी, १० तारखेला कार्यक्रम ठेवायचा, अभिमन स्वतः येणार, बाळांना पहिला घास भरवतानाचे फोटो हवेत.

३ डिसेंबर, मंगळवार

एक डबा घरी आणला. उघडायची किल्ली गावात कुणाकडे नाही. नवलने छिन्नी-हातोडीने उघडला. (नवल म्हणजे माझा नवरा. हे लिहायची गरज नव्हती, पण नोंद पूर्ण असलेली बरी.)

वाटाणा बोटात धरला की पीठ होतो. वास शिजवलेल्या कडधान्यासारखा. चव खारट. नवल म्हणाला, भाकरीबरोबर चालेल. मी कागदावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. वाटाणा, गाजर, पाणी, मीठ, थोडी साखर. बाळांसाठी असं कुठेही लिहिलेलं नाही.

गावात सहा ते नऊ महिन्यांची सात बाळं आहेत. ९ तारखेला रत्नाची तेजल सहा महिन्यांची होते. ती आठवी.

६ डिसेंबर, शुक्रवार

गृहभेट, मंजुळाबाईंकडे. रत्ना त्यांची सून, चाळीसगावकडची, बारावी झालेली. नवरा दीपक जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे, रविवारी घरी येतो. तेजल जन्मली तेव्हा दोन किलो दोनशे ग्रॅम होती. आज पाच किलो चारशे. तक्त्यात पिवळ्या पट्ट्यात येते, म्हणजे वजन कमी.

मंजुळाबाई नातीला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. तेल लावणं, शेकणं, काजळ, सगळं त्याच करतात. बोलतात अहिराणीतच. मी विचारलं, "अक्का, रत्ना काय खाते सध्या?"

"भाकर खास, मुगनं पानी पेस, मेथी खास. आखो काय पाहिजे?"

"आणि भाजी? वाटाणा, फ्लॉवर, बटाटा, वांगं, केळी?"

"नही माय. वातूळ काही देवानं नही. ती खास ते दूधमा उतरस, आन पोरना पोटमा वारा धरस."

आईने वातूळ खाल्लं की ते दुधातून उतरून बाळाच्या पोटात वारा धरतो, ही त्यांची समजूत. मी समजावून सांगितलं. स्तनदा मातेचा आहार, पाच प्रकारचं अन्न, पुस्तिकेतली चित्रंही दाखवली. मंजुळाबाईंनी ऐकून घेतलं आणि चहा दिला. रत्ना दाराशी उभी होती. चित्रांकडे ती बराच वेळ बघत होती, म्हणजे तिला विषय समजला असावा.

नोंदवहीत लिहिलं: समुपदेशन केले.

९ डिसेंबर, सोमवार

डबा पिशवीत घालून आरोग्य केंद्रात गेले. तिथले डॉ. सूर्यवंशी तरुण आहेत, माणसाला बसायला सांगून बोलतात. डबा हातात फिरवून वाचला.

मी विचारलं, "डॉक्टर, सहा महिन्यांच्या बाळाला हे चालेल का? एका शब्दात सांगा."

"एका शब्दात नाही येणार. डब्यातली भाजी म्हणजे विष नाही. डबाबंद करताना थोडी जीवनसत्त्वं जातात, बाकी बरंच राहतं. मीठ-साखर न घातलेला डबा असेल, कुठे चेपलेला, फुगलेला नसेल, तर भाजी धुऊन, कुस्करून बाळालाही देता येते. पण ह्यात मीठ आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ नको. त्याची किडनी लहान असते, आणि जिभेला खारट लागलं की घरचं मिळमिळीत वरण ते खात नाही."

"धुतलं तर?"

"कमी होईल, जाणार नाही. मोठ्या मुलांना धुऊन खिचडीत घाला, खुशाल. एकदा उघडलेला डबा तसाच ठेवू नका. आणि बाळांसाठी तुमच्याकडे डिसेंबरात ताजा वाटाणा असताना डबा कशाला?"

निघताना तेजलचं वजन सांगितलं. ते म्हणाले, "वरचं सुरू कराच, पण अजून अर्ध्याहून जास्त पोषण दुधाचंच आहे. आईला काय मिळतं खायला?"

मी सांगितलं, समुपदेशन चालू आहे.

घरी येऊन खोकी तपासली. तीन डब्यांची झाकणं फुगलेली निघाली. नवलने बांधाच्या पलीकडे खड्डा करून ते पुरले.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी मोहिनी मॅडमना फोन केला. डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिपमालाताई, एक चमचा भरवल्याने काही होत नाही. माणूस वाशीहून येतोय. धुऊन घ्या आणि वेळ निभावून न्या."

मी वेळ निभावून नेली. कशी, ते कुणाला सांगितलेलं नाही.

परसात माझा चार ओळी वाटाणा आहे. तो तोडला, एका गाजराबरोबर शिजवला, चाळणीवर घासून पातळ केला. मीठ घातलं नाही. वाटी सजवलेल्या टेबलावर ठेवली आणि शेजारी एक उघडा डबा ठेवला. कुणाला शंका आली नाही. अभिमनची आई थकलेली आहे, हात कापतो. तिने तेजलला पहिला चमचा भरवला. तेजलने आधी तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. सगळे हसले, टाळ्या झाल्या. अभिमनच्या डोळ्यांत पाणी आलं. तो चांगला माणूस आहे. त्याने मिठाचा विचार केला नाही एवढंच.

फोटोत डबा नीट आला आहे.

मी खोटं बोलले नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. राहू दे.

१२ डिसेंबर, गुरुवार

फोटो गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरतो आहे. खाली लिहिलंय, "डब्यातली पौष्टिक भाजी बाळांनी आवडीने खाल्ली."

आज पाच आया आल्या, डबा द्या म्हणून. वर्षाखालच्या बाळाला द्यायचा नाही, मीठ आहे, असं सांगितलं.

"फोटोमा तं पोर खाई राह्यनी ना, ताई!"

मी म्हटलं, ते एकदाच होतं, कार्यक्रमापुरतं. एकीने जाताना दुसरीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं की ताईना घरमा बी खोकी गया व्हतीन.

मोठ्या मुलांच्या खिचडीत आजपासून वाटाणा-गाजर घालते आहे. तीन पाण्यांनी धुऊन. मुलं ताटं चाटतात.

१३ डिसेंबर, शुक्रवार

एकटीने खिचडी, डबे उघडणं, धुणं आणि पुन्हा तीस मुलं होत नाही. रत्नाला विचारलं, रोज तासभर येशील का. मंजुळाबाईंनी परवानगी दिली. तेवढा वेळ नात पूर्ण त्यांच्या वाट्याला येते. अभिमनने पाठवलेली किल्ली रत्नाला पटकन जमली. मला अजून जमत नाही, झाकण अर्ध्यातच अडकतं.

१८ डिसेंबर, बुधवार

रत्ना कामाला बरी आहे. बोलत नाही, पण सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. डबे ती आतल्या खोलीत उघडते, मुलांच्या पायात पत्रा नको म्हणून. तिचीच कल्पना.

१९ डिसेंबर, गुरुवार

काही विशेष नाही. थंडी.

२३ डिसेंबर, सोमवार

डबे कमी भरतात. खिचडीसाठी वापरलेले सोडून दहा तरी जास्त गेले आहेत.

दुपारी अंगणवाडीमागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग आहे, त्यात कुत्रं काही ओढत होतं. बघितलं तर रिकामा डबा. काठीने उपसलं तेव्हा आणखी सहा निघाले. सगळे नीट किल्लीने उघडलेले. किल्लीने असं उघडणारी गावात एकच आहे.

म्हणजे रत्ना तेजलला डबा चारते. एवढं सांगूनही. शिकलेली मुलगी. मला राग आला असं म्हणता येईल.

२७ डिसेंबर, शुक्रवार

वजनाचा दिवस. तेजल पाच किलो सातशे. एकवीस दिवसांत तीनशे ग्रॅम वाढ. काटा दोनदा तपासला, बरोबर होता. मंजुळाबाई म्हणाल्या, पोर आता बराच वेळ पिते आणि पिऊन झोपते, आधी सारखी किरकिर करायची. रत्नाचे गालही जरा भरल्यासारखे दिसतात. थंडीने चेहरे उजळतात, तसं असेल.

मी विचार केला की मिठाचं वजनही असू शकतं, अंगात पाणी धरतं. आता बोललंच पाहिजे. तिथे आठ-नऊ आया बसलेल्या होत्या. त्यांच्यासमोरच विचारलं, म्हणजे सगळ्यांनाच समज मिळेल.

"रत्ना, पऱ्हाट्यांतले डबे तुझेच ना?"

ती खाली बघत राहिली.

"नाही म्हणू नकोस. न विचारता घेतलेस, ते एक. पण पोरीला चारलेस? मीठ असतं त्यात. तिच्या किडनीवर ताण येईल, कळतं का तुला? बारावी झालीस ना?"

रत्नाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. उत्तर मंजुळाबाईंनी दिलं. त्यांनी तेजलला काट्यावरून उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "बठ्ठा गावसामने तू मनी सूनले चोर म्हनी. आमना घरमा आते येऊ नको."

दोघी निघून गेल्या. बाकीच्या बायकांनी आपापली बाळं निमूट काट्यावर ठेवली.

नोंदवहीत लिहिलं: मीठयुक्त पदार्थांबाबत मातांना मार्गदर्शन केले.

३० डिसेंबर, सोमवार

रत्ना आली नाही. किल्ली लावली तर झाकण अडकलं, अंगठा कापला. खिचडीत डबा घातला नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

गृहभेटीला गेले. मंजुळाबाई दारातच उभ्या राहिल्या. तेजलचं रडणं आतून येत होतं. भुकेचं रडणं आणि दुखण्याचं रडणं सतरा वर्षांत ओळखता येतं. हे भुकेचं होतं. "निजी गई शे," मंजुळाबाई म्हणाल्या. पोर रडत असताना.

मी परत आले.

८ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

दुपारी नवलला भाकरी द्यायला शेतात गेले. आमच्या शेजारचं शेत मंजुळाबाईंचं. रत्ना एकटी शेवटची कापसाची वेचणी करत होती, ओटी पुढे बांधलेली. मला बघून ती दुसऱ्या तासाला, म्हणजे पलीकडच्या ओळीला वळली. मी बांध ओलांडून गेले.

विचारलं, "तेजल कशी आहे?"

"आत्याबाईंजवळ आहे." सासूला ती आत्याबाई म्हणते.

"दूध पुरतं का तिला?"

ती वेचत राहिली. मग म्हणाली, "आता परत कमी झालं."

"परत म्हणजे?"

रत्नाने हातातला कापूस ओटीत टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "ताई, मी पोरीला एक दाणासुद्धा चारला नाही. तुम्ही सांगितलं होतं ना मीठ आहे म्हणून. मी तसं करीन का?"

"मग डबे?"

"मी खाल्ले."

ती बोलत राहिली, तिचा आवाज चढला नाही.

"सात महिने झाले. सकाळी भाकर आणि मुगाचं पाणी. रात्री भाकर आणि मुगाचं पाणी. मेथी. आत्याबाई वाईट नाहीत, मला काम पण कमी देतात. पण भाजी शिजते, तिचा वास येतो, आणि माझ्या ताटात येत नाही. तुम्ही ती चित्रं दाखवली ना, मला त्या चित्रातलं केळं खावंसं वाटलं. अंगणवाडीत पहिला डबा उघडला तेव्हा वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. उभ्यानेच खाल्ला. धुतला पण नाही. मग रोज एक. चार-पाच दिवसांत दूध उतरायला लागलं. पोर पोटभर प्यायची. तिच्या पोटात काही दुखलं नाही, ताई. मी रोज बघत होते."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आत्याबाई शेजारी बसलेल्या. पोरीला चारलं म्हटलं तर मूर्ख, मी खाल्लं म्हटलं तर…" तिने वाक्य पुरं केलं नाही. "आत्याबाईंना सांगू नका."

नाही सांगणार म्हटलं आणि नवलची भाकरी तिला दिली. भरीत होतं बरोबर, वांग्याचं. तिने ते बांधावर बसून सगळं खाल्लं, बोटं चाटून. मी पाठ करून उभी राहिले, कुणी येतं का ते बघायला. नवल आज उपाशीच राहिला. त्याने कारण विचारलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

६ डिसेंबरचं पान वाचलं. ९ आणि २७ तारखेचंही. सगळं मीच लिहिलेलं आहे. वजन वाढलं, गाल भरले, बराच वेळ पिते. तीन ओळी एकमेकींना लागून आहेत.

डॉक्टरांनी विचारलं होतं, आईला काय मिळतं. मी डब्याचा प्रश्न घेऊन गेले होते, म्हणून तो प्रश्न मला अवांतर वाटला.

१० जानेवारी, शुक्रवार

रत्नाला निरोप पाठवला, दुपारी शेतात ये. डाळ-भात, गाजर, दोन केळी दिली. हा उपाय नाही. चोरून किती दिवस खाणार?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दुपारी अंगणवाडीत हळदीकुंकू ठेवलं. बायका चाळीसच्या वर आल्या. मंजुळाबाई येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आल्या, मागे भिंतीशी बसल्या. रत्ना आणि तेजलही.

तिळगूळ वाटून झाल्यावर मी उभी राहिले. कार्यक्रमात बोलायची सवय आहे मला, तरी आवाज नीट लागला नाही. सांगितलं, "त्या फोटोतल्या वाटीत डब्यातली भाजी नव्हती. माझ्या परसातला वाटाणा होता, बिनमिठाचा. डब्यात मीठ होतं, बाळांना द्यायचा नव्हता, आणि पाहुण्यांसमोर तसं म्हणायचं धैर्य मला झालं नाही. तुम्ही फोटो बघून डबे मागितले त्यात तुमची चूक नाही."

कुणीतरी हसलं.

"दुसरं. रत्नाने पोरीला डबा चारलेला नाही. मी सगळ्यांसमोर तिला बोलले, ते खोटं होतं. सगळ्यांसमोरच माफी मागते."

रत्नाने पदर तोंडाशी धरला. एका म्हाताऱ्या बाईने मोठ्याने विचारलं, "मंग आते वाटीमानं कसं करं व्हतं ते तरी सांग!" मग मी वाटाणा कसा शिजवला, कसा घासला ते सांगितलं. सतरा वर्षांत माझं बोलणं इतक्या लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मोहिनी मॅडमचा फोन. बातमी पोचायला तीन तास लागले. लेखी खुलासा मागितला आहे. देईन. अभिमनलाही मीच फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, त्याच दिवशी सांगायचं होतं. आईच्या हाताने चुकीचं भरवलं गेलं नाही, हे चांगलं झालं. उरलेले डबे वसतिगृहाला देऊन टाका, मोठी मुलं आहेत तिथे. धुऊन घ्यायला सांगा."

१६ जानेवारी, गुरुवार

मुलं घरी गेल्यावर मंजुळाबाई एकट्या आल्या. चप्पल बाहेर काढून आत आल्या, सतरंजीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"पोरले नही चारा, मंग डबा कोनी खादा?"

मी रत्नाला शब्द दिला होता, म्हणून काही बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली.

"सूननी खादा."

"अक्का, तिच्या खाण्यानेच दूध वाढलं होतं. तेजल तीनशे ग्रॅम वाढली ती तेव्हाच. पोटात वारा धरला का तेव्हा? तुम्हीच म्हणालात, पोर झोपते."

त्या ऐकत नव्हत्या. हाताने सतरंजीचा धागा ओढत होत्या. मग सांगायला लागल्या. मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"मनी पहिली पोर व्हती. दीपकना पहिले. तीन महिनानी. मी मायेरमा व्हतू. मायनी वटाणानी भाजी करी, मी पोटभर खादी. दुसरा दिन पोर तापनी. तिसरा दिन गई. सासूनी सांगं, तुना खावामुये गई. बठ्ठासनी तेच सांगं. मी परत कधीच वटाणा खादा नही. दीपकना वखतले दोन वरीस मी भाकर आन पानीच खादं. तो जगना."

घरात वाटाणा शिजतो, रत्नाच्या ताटात येत नाही, हे मला माहीत होतं. मंजुळाबाईंच्याही ताटात तो येत नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "तू शिकेल शे. सांग. मनामुये गई का ती?"

नाही म्हणायला मला एक क्षण लागला असता. पण वाटीच्या वेळी मी एकदा वेळ निभावून नेली होती. मी म्हटलं, "अक्का, मी डॉक्टर नाही. उद्या आपण जाऊ."

१७ जानेवारी, शुक्रवार

आरोग्य केंद्रात गर्दी होती. डॉ. सूर्यवंशींना आधी बाहेर गाठून थोडक्यात सांगितलं. त्यांनी मंजुळाबाईंना स्टुलावर नाही, खुर्चीवर बसवलं. दार लोटून घेतलं.

"आजी, ताप किती होता?"

"हात लावता येत नव्हता."

डॉक्टरांशी बोलताना त्यांनी एकदम शुद्ध बोलायचा प्रयत्न केला. थोड्या वेळाने तो सुटला.

"झटके आले होते? मान ताठ झाली होती?"

"हां. मान मांगे गई व्हती. डोया पांढरा व्हई गयथात."

"त्या दिवसांत गावात आणखी कुणाची लेकरं तापली होती?"

मंजुळाबाई विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन. खालनी आळीमा. त्या बी गयात."

"त्यांच्या आयांनी वाटाणा खाल्ला होता का?"

त्या डॉक्टरांकडे बघायला लागल्या.

डॉक्टर म्हणाले, "आजी, इतक्या वर्षांनी नेमकं काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. मेंदूचा ताप असावा, असं वाटतं. पण आईने वाटाणा खाल्ल्याने लेकरू दगावत नाही. हे मात्र मी नक्की सांगतो. लिहून पाहिजे तर लिहून देतो."

"मंग मनामुये नही गई?"

"नाही."

त्या उठल्या, पदर सारखा केला, डॉक्टरांना नमस्कार केला. बाहेर येऊन बाकावर बसल्या. मी औषधाच्या खिडकीकडे गेले, काम नसताना. परत आले तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. परतीच्या रिक्षात अर्धी वाट गेल्यावर म्हणाल्या, "सिंधू नाव व्हतं तिनं."

इतक्या वर्षांच्या ओळखीत मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

२० जानेवारी, सोमवार

आज उरलेले डबे वसतिगृहाला गेले. खोली मोकळी झाली. मुलं आधी दारातच थांबली, एवढ्या जागेत कुठे बसावं ते त्यांना कळेना.

दुपारी मंजुळाबाईंनी बोलावणं पाठवलं. गेले तेव्हा चुलीवर भाजी होती, वाटाणा-बटाटा, लसूण-तेलावर. त्यांनी स्वतः रत्नाचं ताट वाढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. भाकर, वरण, भाजी, वर कांदा.

"खाय," त्या म्हणाल्या.

रत्ना माझ्याकडे बघायला लागली. मी तिला काही खूण केली नाही. हे त्या दोघींचं होतं. तिने एक घास घेतला, मग दुसरा. नंतर ती थांबली नाही. भाकरी संपली तशी मंजुळाबाईंनी दुसरी टाकली.

मलाही वाढलं. मंजुळाबाई स्वतः जेवल्या नाहीत. रत्नाने तेजलला पाजून खाली ठेवलं तसं त्यांनी तिला उचललं, मांडीवर उताणं घेतलं आणि झबलं वर करून पोटावर पंजा पसरून ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. तेजल झोपली. रत्ना तिथेच भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या तिचाही डोळा लागला.

मी निघते म्हटलं. मंजुळाबाईंनी मान वर केली नाही. "बस ना जरासी," म्हणाल्या.

मी बसले. गृहभेटीला वीस मिनिटं पुरतात. मी साडेपाचपर्यंत तिथे होते. ऊन उंबऱ्यावरून सरकत भिंतीवर गेलं. मधून मधून त्या वाकून तेजलच्या श्वासाला कान लावायच्या आणि पुन्हा सरळ बसायच्या. हात एकदाही उचलला नाही.

पाचच्या सुमाराला तेजल जागी झाली, पाय झाडले, हसली. मंजुळाबाईंनी पोट चाचपलं, इकडून, तिकडून. मग रत्नाच्या पायाला हात लावून तिला हलवलं.

"ऊठ वं," त्या म्हणाल्या. "नरम शे पोट. मालेबी वाढ थोडी."